शेजारणीलाही कळलं पाहिजे

खैरनारवहिनींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होते. एका बैठकीत बसले होते, फोन पालथा घालून ठेवला होता. बाहेर येऊन पाहिलं तर त्यांचे चार फोन येऊन गेलेले. मी लगेच फोन लावला. "अंजली, हे गेले गं... सकाळीच. चहा घेतला आणि खुर्चीतच..." मग म्हणाल्या, "जिवाचा आटापिटा करून येऊ नकोस. निघालीस तरी वेळेत पोचायची नाहीस." तसंच झालं. मी नाशिकला पोचले तेव्हा सगळे अमरधामहून परतले होते, दारात चपलांची गर्दी होती, आणि ज्यांच्या हाताखाली मी बारा वर्षं काम केलं, ज्यांच्याशी जवळजवळ तितकीच वर्षं भांडले, ते वामन खैरनार कुठेच नव्हते. त्या दिवशी मला रडू आलं नाही. वहिनींजवळ नुसती बसून राहिले आणि त्यांच्या सांगण्यावरून दोन घास खाऊन घरी आले.

खैरनारसाहेबांची जाहिरात संस्था रविवार कारंजाजवळ होती, एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वर. जिना इतका अरुंद, की खाली उतरणाऱ्याला चढणाऱ्यासाठी थांबावं लागे. मी मराठी घेऊन बी. ए. झाले होते आणि मुद्रितं तपासायला माणूस हवं आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून गेले. त्यांनी साड्यांच्या दुकानाच्या एका जाहिरातीचं मुद्रित पुढे सरकवलं. "चुका काढ." मी तीन काढल्या, दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि एक अनुस्वाराची. ते म्हणाले, "चौथी राहिली." मी पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं, सापडेना. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, "दुकान कुठे आहे तेच यात नाही." मला वाटलं, नोकरी गेली. दुसऱ्या दिवसापासून ये, असं म्हणाले.

ते मूळचे सटाण्याकडचे. घरात आईशी अहिराणी बोलत, आणि फार संतापले की ऑफिसातही अहिराणीत घसरत. जाहिरातीच्या धंद्यात शिरले ते भिंतींवर अक्षरं रंगवत. ब्रश सुटून वर्षं लोटली तरी जिल्ह्यातली भिंत न् भिंत त्यांना पाठ होती. अमुक भिंत सटाण्याहून येणाऱ्या एसटीच्या डाव्या खिडकीतून दिसते, पण त्या वळणावर ड्रायव्हर गिअर बदलतो, गाडी हळू होते, म्हणून तिथे दोन ओळी जास्त चालतील, असा त्यांचा हिशेब असे. वर्तमानपत्र, सिनेमाच्या मध्यंतरातली स्लाइड, स्टँडवरचे पत्रे, केबलवर खालून सरकणारी पट्टी, बाजाराच्या दिवशी रिक्षावरून फिरणारा भोंगा... या सगळ्यांकडे ते सारख्याच आदरानं बघत. त्यांना एकच गोष्ट आवडत नसे, ती म्हणजे आपण कुणाशी बोलतोय हे ठाऊक नसताना बोलणं.

नव्वदचं दशक सरता सरता कॉलेज रोडला सायबर कॅफे निघाले. त्याच सुमारास मुंबईहून आलेल्या एका तरुणाचं एका हॉटेलात भाषण झालं. जाहिरातदारांनो, जागे व्हा, वेब हेच आता मास मीडिया, असा एकूण सूर. मी भारावून परत आले आणि जिना चढता चढताच सांगायला लागले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "एसटी स्टँडवर माणूस कशाला येतो?"

"बस पकडायला."

"जाहिरात बघायला येत नाही. तरी त्याला ती दिसते. तुझ्या वेबवर जो जातो, तो काहीतरी शोधायला घरून निघालेला असतो. मग ते दुकान झालं. दुकानाला कुणी मास मीडिया म्हणतं का?"

मी म्हटलं, "आज थोडे लोक आहेत, उद्या लाखो असतील. मग तरी म्हणाल ना?"

"नुसते लाखो असून काय उपयोग?" ते म्हणाले. "आपल्या पेपरात सकाळी एखादी गोष्ट छापून आली, की ती मला कळते. पण शेजाऱ्यालाही कळलीय, हेसुद्धा मला कळतं. म्हणून मी त्याच्याशी तिच्याबद्दल बोलू शकतो. दहा हजार माणसांनी दहा हजार खोल्यांत बसून बघितलं आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही, तर त्याला मास कसं म्हणायचं?"

मला ते अगदी जुनाट वाटलं. भिंती रंगवणाऱ्या माणसाला भिंतच दिसणार, असं मी मनात म्हटलं. हे वाक्य मी पुढे एकदा त्यांच्या तोंडावरही बोलले. ते फक्त हसले होते.

आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे सातपूरचा एक कुकर बनवणारा कारखाना. तो आता राहिलेला नाही, मालकही हयात नाहीत, तेव्हा त्यांना नुसतं शेठ म्हणते. साहेबांच्या मनात नसताना मी शेठना वेबसाइटसाठी राजी केलं. कागदावर लिहून दिलं, 'वेबसाइट म्हणजे एकाच वेळी घराघरात आणि जगभरात पोचणारं माध्यम.' साइट तयार झाली. तिच्यावर पाककृती होत्या, गोल फिरणारा कुकर होता आणि तळाशी किती जण येऊन गेले ते दाखवणारा काउंटर होता. तो काउंटर वाढताना बघायचा मला नाद लागला. एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले. "हा आकडा माणसांचा आहे, की तुझा एकटीचा?" मी रागावले. पण खरं सांगायचं तर पान उघडलं की आकडा पुढे सरके, आणि ते पान सर्वांत जास्त वेळा मीच उघडत होते.

साइट निघून वर्ष झालं नसेल. एके दिवशी शेठनी आम्हा दोघांना तातडीनं बोलावून घेतलं. कुकरच्या एका खेपेत सेफ्टी व्हॉल्व्ह सदोष निघाले होते. वाफ कोंडली की व्हॉल्व्हनं वितळून तिला वाट करून द्यायची, तर हे वितळतच नव्हते. इगतपुरीत एका बाईंच्या कुकरचं झाकण उडालं होतं. त्यांचा हात भाजला होता. दुकानदारानं तो कुकर परत पाठवला, तेव्हा कारखान्यात तपासणी झाली आणि दोष उघड झाला. तोवर त्या खेपेतले कुकर जिल्हाभर विकले गेले होते.

साहेबांनी लगेच कागद काढला. "पेपरात मोठी सूचना देऊ, केबलवर पट्टी फिरवू, बाजाराच्या गावांत..."

शेठनी हात वर केला. "पेपर नको, खैरनार. बोंबाबोंब होईल, ब्रँड मरेल. सूचना वेबसाइटवर टाका."

"वेबसाइटवर कोण वाचणार?"

शेठनी खणातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. मी लिहिलेलाच कागद. "घराघरात, जगभरात. तुमच्याच मॅडमनी लिहून दिलंय. उद्या कुणी विचारलं तर जाहीर सूचना दिली होती, असं मला सांगता येईल."

मी माझ्याच अक्षरांकडे बघत राहिले. साहेब माझ्याकडे बघतील असं वाटलं, पण त्यांनी बघितलं नाही. ते शेठना म्हणाले, "कुणाला दिसणार नाही म्हणून तुम्ही ती जागा निवडताय. ही सूचना नव्हे. हा आडोसा आहे." आणि उठले. जाताना दारात, स्वतःशीच बोलल्यासारखं, "माले पटत नही," एवढं म्हणाले.

परतताना मी त्यांच्याशी वाद घातला, हे आज लिहितानाही लाज वाटते. कायद्यानं सूचना दिली की झालं, आपण जाहिरातवाले, कारखाना आपला नाही, असं काहीतरी बोलत होते. कारंजापाशी उतरल्यावर साहेब म्हणाले, "उद्या सकाळच्या पॅसेंजरनं इगतपुरीला जाऊ. त्या बाईंना भेटून येऊ."

त्या बाईंचे यजमान रेल्वेत होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, बाहेर धुकं इतकं की समोरची घरांची ओळ दिसत नव्हती. बाईंचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता. त्यांनी डाव्या हातानं चहा केला. आम्ही नको नको म्हणत असताना केला. साहेबांनी विचारलं, "कसं झालं, ताई?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "माझंच चुकलं असंल. डाळ जास्ती झाली म्हणा, का शिट्टी नीट बसली नसंल. हे पण तेच म्हणत्यात. सासूबाई तर अजून बोलून दाखवत्यात." मग थोड्या वेळानं, "शेजारच्या निर्मलाकडं पण हाच कुकर हाय. आम्ही दोघींनी संगंच घेतले. तिचा कधी नाय उडाला. म्हंजे माझंच काहीतरी..."

साहेबांनी कप खाली ठेवला. "ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. कुकरच सदोष होता. निर्मलाताईंचासुद्धा तसाच असेल." त्या बाईंनी वर पाहिलं. हात भाजल्यापासून असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या उठल्या, दारात गेल्या आणि धुक्यात मोठ्यानं हाक मारली, "निर्मले! कुकर लावू नको गं! आधी हिकडं ये!"

मी ती हाक ऐकली. साहेब इतकी वर्षं मला काय सांगत होते, ते मला तेव्हा समजलं. वेबसाइटवरची ती सूचना शेजारच्या दारापर्यंतसुद्धा पोचली नसती, आणि त्या बाई जन्मभर स्वतःलाच दोष देत बसल्या असत्या.

त्याच संध्याकाळी साहेबांनी सूचना लिहिली. कायद्याची भाषा टाळली. 'या खुणेचा कुकर तुमच्या घरी असेल तर आजपासून वापरू नका. चूक आमची आहे, तुमची नाही. झाकण घेऊन जवळच्या दुकानात या, नवा व्हॉल्व्ह बसवून देऊ.' दुसऱ्या दिवशी ती शेठच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "हे सगळीकडे छापत असाल तर मी तुमचं काम करतो. नसाल तर आजपासून नाही." शेठ नाही म्हणाले. साहेब जिना चढून आले, पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "सुटलो." पण चेहरा सुटल्यासारखा नव्हता. त्या कारखान्याच्या कामावर आमचं निम्मं ऑफिस चालत होतं.

रात्रभर मला 'घराघरात, जगभरात' छळत राहिलं. सकाळी साहेबांना न सांगता मी एकटी सातपूरला गेले. शेठनी आत बोलावलं. मी उभ्यानंच सांगितलं, "शेठ, तो कागद परत द्या. त्यात लिहिलंय ते खोटं आहे. मी मुद्दाम खोटं लिहिलं नाही, पण खोटं आहे. साइटवरचा आकडा बहुतेक आमचाच आहे, आमच्याच ऑफिसात उघडून उघडून वाढलाय. त्या जोरावर तुम्ही कुणाला सूचना दिली म्हणालात, तर मला उभं राहून हेच सांगावं लागेल." मग मी इगतपुरीच्या बाईंचं सांगितलं. धमकीनं काही झालं असं मला वाटत नाही. "माझंच चुकलं असंल" हे त्यांचं बोलणं सांगितल्यावर मात्र शेठनी चष्मा काढला. "आमच्या घरीही त्याच खेपेतला आहे," ते म्हणाले. "काल मी गुपचूप व्हॉल्व्ह बदलला. बायकोला कारण सांगितलं नाही." मग चष्मा पुन्हा घालून, "खैरनारना सांगा, भोंगा फिरवा."

पुढचे पंधरा दिवस साहेब तिशीतल्या माणसासारखे धावले. पेपर, पट्टी, स्लाइड, स्टँड, देवळाली कॅम्पचा बाजार, सगळं पालथं घातलं. हरसूलच्या बाजारात तर भोंगा त्यांनी स्वतः हातात घेतला. मला वाटलं होतं, लोक भांडतील. एक म्हातारी टोपलीत झाकण घेऊन आली, तिच्यामागून दुसरी, मग गर्दीच झाली. एकमेकींच्या हातातली झाकणं उलटून खूण बघू लागल्या. "तुझापण त्योच हाय की!" "मंग माझ्या लेकीला धाडला त्याचं काय? ती पेठ गावाकडं दिली." साहेब वाकून वाकून प्रत्येकीला खूण दाखवत होते. दुपारी दुकानदाराच्या ओट्यावर झाकणांची चळत माणसाच्या कमरेपर्यंत आली. ते घामाघूम, बाजूला पाणी पीत उभे होते. मला म्हणाले, "बघ, आता आपण गप्प बसलो तरी चालेल. या एकमेकींना सांगतील."

ब्रँड मेला नाही. पुढची दिवाळी उलट बरी गेली, असं शेठनीच नंतर सांगितलं.

पण गोष्ट इथे थांबली नाही. वेबसाइटवरही मी ती सूचना लावून ठेवली होती, मुखपृष्ठावर, मोठ्या अक्षरांत. सगळं शमल्यावर चार-पाच महिन्यांनी कारखान्याच्या पत्त्यावर एक ई-मेल आली. लिहिणारे लष्करात होते. आधी देवळालीला असताना पत्नीनं कुकर घेतला होता, आता बदली होऊन कुटुंब आसामात होतं. झाकणाचं रबर खराब झालं म्हणून त्यांनी कुकरचं नाव नेटवर शोधलं, आणि समोर ती सूचना आली. 'त्या दिवसापासून कुकर लावलेला नाही. व्हॉल्व्ह पाठवाल का?' मी मेल कागदावर काढली आणि साहेबांपुढे ठेवली. मनात, खोटं कशाला बोलू, थोडा विजयही होता.

त्यांनी ती दोनदा वाचली. "तिथवर माझा भोंगा गेला नसता," ते म्हणाले.

"मग? आता तरी मास मीडिया म्हणाल?"

"नाही," ते म्हणाले. "हे पत्र आहे गं. पण पत्ता न घालता टाकलेलं पत्र. ज्याला हवं, तो येऊन घेऊन जातो. असं काही मी आजवर बघितलं नव्हतं." व्हॉल्व्ह त्यांनी स्वतः पुठ्ठ्याच्या डबीत बांधून पोस्टात टाकला. त्या आठवड्यात मला म्हणाले, "मला ते मेलचं शिकव." साठीला आलेला माणूस दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत बसे, आणि स्पेलिंग चुकलं की स्वतःवरच चिडे.

पुढे मी माझं वेगळं काम सुरू केलं. वेबचंच. साहेबांनी संस्था आवरती घेतली. वाद मात्र आम्ही चालूच ठेवला. मी दरवर्षी सांगायचे, आता तरी हरलात, आता जाहिरातदार स्वतःहून वेब मागतात. ते म्हणायचे, "माणसं तिथे गेली हे मान्य. पण मघाशी तू तुझ्या मशीनवर एक जाहिरात दाखवलीस, तेच पान मी माझ्याकडे उघडलं तर दुसरी दिसली. तुला एक, मला एक. शेजारणीला काय दिसलं, ते कसं कळणार?" मी म्हणायचे, ते तर उलट चांगलं आहे, ज्याला जे हवं ते. ते म्हणायचे, "विकायला चांगलं आहे. सावध करायला?" आजही बैठकीत तरुण मुलं 'वेब मास मीडिया का?' हा प्रश्न काढतात तेव्हा आकडे मी सांगते, आणि आतून मला धुक्यातली ती हाक ऐकू येते.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी गंगापूर रोडच्या घरी पुन्हा गेले. दुपार होती. वहिनींनी सरबत दिलं. आम्ही बोलत होतो तोच दारावर टकटक झाली आणि शेजारच्या लीलाताई आल्या. सत्तरीच्या, हातात घडी केलेला कागद. मला बघून संकोचल्या. वहिनी म्हणाल्या, "तुला ठाऊक नाही ना... गेली दोन वर्षं हे चार वाजता आतल्या खोलीत बसायचे. गल्लीतल्या बायका यायच्या. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाची मुलगी अमेरिकेत. बायका सांगायच्या, हे टाइप करायचे. उत्तर आलं की वाचून दाखवायचे. मला एवढंच येतं, मशीन चालू करायचं."

साहेबांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. बहुधा मी चिडवेन म्हणून.

लीलाताई खुर्चीच्या कडेला टेकल्या. "माझ्या मेधाला अजून कळवलं नाही गं," त्या म्हणाल्या. "तिचा दर रविवारी फोन येतो. पण जिभेवर येतं आणि परत जातं. तिचा फार जीव त्यांच्यावर. मेलच लिहायची म्हणते, पण लिहून देणारे तेच होते..."

वहिनींनी आतली खोली उघडली, मशीन चालू केलं. मी साहेबांच्या खुर्चीवर बसले. मेधाच्या तीन मेल न उघडलेल्या पडल्या होत्या. शेवटची उघडली. 'काका, आईचा गुडघा खरंच बरा आहे का? ती मला खोटं सांगते. तुम्ही खरं कळवा.' मी ते मोठ्यानं वाचलं. लीलाताईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या, की रडत होत्या, मला सांगता येणार नाही.

"सांगा," मी म्हटलं.

त्यांनी घडी उलगडली. कागद कोराच होता. "तूच लिही. आधी गुडघ्याचं खरं लिही. दुखतोय, सुजलाय. मग..." मी दोन बोटांनी नव्हे, दहाही बोटांनी टाइप करू शकते, पण साहेब गेल्याचं ते वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. लिहिलं. वाचून दाखवलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडून ते शब्द बाहेर पडले आणि मला रडू फुटलं. वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी बटण दाबलं. लीलाताई पडद्याकडे झुकून बघत होत्या.

"पोचलं?" त्यांनी विचारलं.

"गेलंय," मी म्हटलं. "आत्ता तिकडे पहाट आहे. उठली की वाचेल."

लीलाताईंनी मान हलवली, पण जागच्या उठल्या नाहीत. वहिनींनी चहा टाकला. आम्ही तिघी त्या खोलीत बसून राहिलो, मेधाला जाग येईपर्यंत.